उसना हुंदका

भर दुपारी, मेकअपही न उतरवता धाकटी घरात शिरली आणि थेट ताईच्या मांडीत तोंड खुपसून रडू लागली. सेटवर सगळे तिला हसले होते. आजवर तिच्या हिंदी चित्रपटांतले संवाद मागाहून डबिंगच्या खोलीत भरले जात. हा दिग्दर्शक मात्र चित्रीकरणातच आवाज टिपणारा, आणि तिचं पहिलंच वाक्य ऐकून त्याने शांतपणे विचारलं होतं, की मग इतकी वर्षं कोण बोलत होतं?

तिच्या केसांवरून फिरणारा ताईचा हात थबकला... इतकी वर्षं तीच तर बोलत होती! वडील गेले त्या वर्षी दोघी बहिणी एका चित्रपटाच्या निवडचाचणीला गेल्या होत्या. चेहरा धाकटीचा घेतला गेला, आवाज ताईचा. अकरा चित्रपट झाले. पडद्यावर धाकटीचे ओठ थरथरायचे आणि बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, तो हुंदका ताई द्यायची. धाकटीला कमीपणा नको म्हणून तिने स्वतःचं नाव कुठे येऊ दिलं नाही, आणि त्याचं तिला कधी दुःखही वाटलं नाही. पण गेल्या महिन्यात, पुरस्कार घेतल्यावर, धाकटी मुलाखतीत म्हणाली, की एकेक संवाद मी आरशासमोर शंभरदा घोटते... आणि ताईच्या अंतःकरणात विष कालवलं गेलं. त्यानंतर या नव्या चित्रपटासाठी धाकटी रोज तिच्याकडून उच्चार तपासून घ्यायला बसायची, आणि ताई चुका ऐकूनही छान म्हणायची.

आता लाजेने ताईचा जीव अर्धा झाला. "मला चुका कळत होत्या," ती कशीबशी म्हणाली. "मुद्दाम गप्प बसले मी."

धाकटीने मान वर केली. काजळ गालांवर ओघळलं होतं. "मला वाटलंच होतं. पण त्या मुलाखतीनंतर कुठल्या तोंडाने विचारू?"

"दिग्दर्शकाला काय सांगितलंस?"

"खरं तेच. माझी ताई बोलते म्हटलं, सगळ्यांदेखत. तुला घेऊन यायला सांगितलंय त्यांनी. गाडी खाली उभी आहे."

ताई नको नको म्हणत राहिली, पण धाकटीने तिच्या चपला पुढ्यात आणून ठेवल्या. वाटेत दोघी एकमेकींकडे न बघता, हात मात्र घट्ट धरून बसल्या. सेटवर धाकटीने तिला दिव्यांच्या उजेडात नेलं आणि सांगितलं, "ही माझी ताई." मघाशी हसलेले लोकही उठून उभे राहिले... ताईची मान मात्र काही केल्या वर होईना.