दोन खाचांचा हुक

"तो हुक त्यांचा नव्हताच," ती म्हणाली.

भिंगकाकांनी तिला बोलायची घाई केली नाही. कंपाउंडरने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने नुसता हातात धरून ठेवला.

तिचा नवरा रंगारी होता. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला हुक, हुक दोरात. आठ दिवसांपूर्वी सहाव्या मजल्यावरून हुक दोरातून निसटला आणि तो खाली आला.

"त्यांचा हुक गंजलेला होता. लालेलाल. त्यावरून त्यांच्या जोडीदाराने घरी येऊन केवढा तमाशा केला होता! आणि पोलिसांनी दाखवला तो हुक आरशासारखा चकचकीत. जोडीदारानेच आपला मोडका हुक घासूनपुसून यांच्या गळ्यात मारला. उद्या त्याच्यावर गुन्हा दाखल होणार आहे. पण तो कानावर हात ठेवतो. मला पुरावा हवाय."

"घरी आणखी कोण असतं?"

"सासूबाई. त्यांना हुकाचं काही बोलू नका. दोर सुटला एवढंच सांगितलंय. ऐकायलाही कमी येतं त्यांना."

भिंगकाका एके काळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. खिशातल्या भिंगावरून त्यांना हे नाव पडलं. कंपाउंडरने चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं ढवळली होती आणि निवृत्तीनंतर तो काकांबरोबर हिंडायचा. डोकं चालवायचं काम आपलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

तिचं घर दोन खोल्यांचं होतं. कंपाउंडरला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की या घरात गंज नावाला नव्हता. बिजागऱ्या, कडी, विळी, खिडकीचे गज, सगळं लखलखत होतं. मुलाच्या फोटोसमोर एक म्हातारी बसली होती. मांडीवर कात्री आणि हातात तेलाची चिंधी.

"गंज दिसला की माझा हात शिवशिवतो," ती म्हणाली. "तो घरात असला की म्हणायचा, आई, आता मलाही घासून ठेव एकदा." ती हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

तिची नजर कंपाउंडरच्या खिशातून डोकावणाऱ्या चाकूवर गेली. फळं कापायचा जुना चाकू, पात्यावर तांबूस डाग. "भाऊ, ही काय दशा केलीत त्याची? आज बाटली संपलीय, सून संध्याकाळी आणेल. उद्या या, करून देते."

"कामावरून येताना आणते," सून म्हणाली. "पंधरा दिवसांत तिसरी बाटली, आई. संडास एवढा काय घासता?"

बाल्कनीत तारेवर एक ओला शर्ट होता. कंपाउंडर बघत असतानाच तो खाली पडला. त्याने तो उचलून पुन्हा अडकवला, चिमटा दाबला, आणि 'कट्' असा आवाज होऊन चिमट्याची स्प्रिंग त्याच्या हातात मोडली. स्प्रिंग अगदी कोरी दिसत होती.

"आली का पंचाईत," तो स्वतःशीच पुटपुटला. "चिमटा मोडला."

"दुसरा घ्या, भाऊ, खिडकीत डबा आहे," आतून म्हातारी म्हणाली.

दुसराही मोडला. तेव्हा काकांनी दोन्ही तुकडे रुमालात बांधून घेतले. मग ते हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि चांगलाच वेळ लावून आले.

"फरशीवर एक पांढरा डाग आहे," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "गोल. बादलीच्या बुडाएवढा."

"मग?" कंपाउंडर म्हणाला. काकांनी हात पुसले आणि चपला घातल्या.

पोलीस ठाण्यात हुक बघायला मिळाला. चकचकीत होता खरा. त्याची जीभ, म्हणजे हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी, सैल लोंबत होती. आतल्या स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. काकांनी भिंग लावलं.

"पाठीवर दोन खाचा आहेत, कंपाउंडर. कानशीने घातलेल्या, जुन्या, कडा झिजलेल्या. आणि जिभेच्या सांध्यात बघ."

सांध्यात नारिंगी भुकटी होती. "गंज. पण बाहेर तर टिपूससुद्धा नाही!"

"म्हणजे हा गंज जुना नाही. नंतरचा आहे."

बांधकामावरच्या स्टोअरकीपरने हात झटकले. वर्षभरात नवा हुक कोणाला दिलेला नाही, प्रत्येकाचा हुक प्रत्येकाकडे, रात्री ज्याच्या त्याच्या घरी. जोडीदार मात्र बांधकामावर नव्हता. त्याला कामावरून काढलं होतं. तो घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"हा माझा हुक," त्याने पिशवीतून काढून दाखवला. "तीन खाचा. त्याच्या दोन होत्या. अदलाबदल होऊ नये म्हणून आम्हीच घातल्या होत्या."

"भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं? ओरडलो होतो. त्याच्या घरी, सगळ्यांदेखत. असला गंजका हुक घेऊन माझ्याबरोबर चढायचं नाही म्हणालो. मग त्याला ताप आला, चार दिवस घरीच होता. पाचव्या दिवशी आला तो हुक नाचवतच. 'बघ, चमकतोय की नाही!' कुठून आणलास विचारलं, तर नुसता हसला." त्याने डोळे पुसले. "हे मी पोलिसांना सांगितलं. कोण विश्वास ठेवतो?"

परतताना काका मान खाली घालून चालत होते. कंपाउंडरला त्यांच्या तऱ्हा ठाऊक होत्या. उत्तर सापडलं की ते खुलायचे. आज तसं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी जोडीदाराला घेऊनच ते घर गाठलं. सुनेचा चेहरा कठोर झाला. म्हातारीने कंपाउंडरपुढे हात केला. "बाटली आलीय. द्या चाकू." ती चाकू घेऊन न्हाणीघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

काका बाल्कनीत उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "हुक बदललेला नाही. दोन खाचांचा आहे, म्हणजे तुमच्या नवऱ्याचाच. कोणीतरी त्याचा गंज काढला, एवढंच."

"एवढंच? मग तो निसटला कसा?"

काकांनी रुमाल उघडला. "ही तुमच्या चिमट्याची स्प्रिंग. नवी दिसते आणि हात लावला की मोडते. कंपाउंडर, संडासाच्या बाटलीत काय असतं?"

"अॅसिड," कंपाउंडर म्हणाला, आणि त्याची नजर न्हाणीघराच्या दाराकडे गेली.

"साधं लोखंड थोडा वेळ अॅसिड सोसतं. स्प्रिंगचं कडक पोलाद सोसत नाही. फार वेळ भिजलं की वरून चमकतं आणि आतून ठिसूळ होतं. शिवाय नीट धुतलं नाही तर सांध्यात उरलेलं अॅसिड पुन्हा गंज धरतं. ती नारिंगी भुकटी तीच. फरशीवरचा डाग अॅसिडच्या बादलीचा. पंधरा दिवसांत तीन बाटल्या संडासाला लागत नाहीत. त्या दिवशी दोरावर भार आला, स्प्रिंग मोडली, जीभ उघडी राहिली. हुक चार दिवस याच घरात होता. तुम्ही दिवसभर कामावर. घरात तापलेला मुलगा आणि..."

त्यांना पुढे बोलायची गरज पडली नाही. सुनेने कठडा घट्ट धरला.

"म्हणून तो हसला," जोडीदार म्हणाला. "आईने करून दिला म्हणून. आणि मी ओरडलो नसतो तर तिने हात तरी लावला असता का?"

खालच्या रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. सुनेने डोळे पुसले. ज्या माणसाला ती आठ दिवस शिव्याशाप देत होती, त्याच्याकडे तिने पहिल्यांदा सरळ पाहिलं. "भावजी, माझं चुकलं," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "लिहून घ्या. हुक मी भिजत घातला होता. मी, कळलं ना? पोलिसांना मी सांगेन. आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. त्या जगायच्या नाहीत."

काकांनी चष्मा काढला. खोटं लिहून द्यायची त्यांना सवय नव्हती. पण या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.

कोणीतरी मागे उभं होतं. कंपाउंडर वळला. दार कधी उघडलं होतं कोण जाणे. म्हातारीने चाकू त्याच्या हातात ठेवला. तो कोरडा होता आणि पात्यावरचे तांबूस डाग जसेच्या तसे होते.

"नाही केलात, आई?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"नाही, भाऊ. आता कशाचाच गंज काढायचा नाही."

सून तिच्याकडे धावली. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा आवाज स्पष्ट होता. "मला ऐकू येतं गं. तू काही सांगायचं नाहीस. पोर माझं होतं. पोलिसांना मी सांगते. या मुलाचं काम त्याला परत मिळू दे."

मग ती जोडीदारासमोर येऊन उभी राहिली.

"खरं सांग. हुक दाखवताना हसला होता ना रे तो?"

"हो, आई," तो म्हणाला. "खूप हसला होता."

म्हातारीने मान हलवली आणि चप्पल घालायला दाराकडे गेली.