पाणडिंक कुणी बिघडवला?

"कविताअक्का गेली, तरी डिंक बिघडलाच!" विघ्नेश ओरडला. "आता कुणाचं नाव घेणार, नित्या?"

नित्याचे कान तापले होते.

सुट्टीत ही मावसभावंडं कुंभकोणमला विश्वेशमामाकडे आली होती. मामा घरामागच्या खोलीत एक नवलाचा डिंक बनवत होता. समुद्रातले काळे शिंपले लाटांचा मार खाऊनही खडकाला चिकटून राहतात ना, तसाच ओल्यात चिकटणारा 'पाणडिंक', टाक्यांवाचून जखमा सांधायला! पण डिंक दर वेळी लालसर होऊन आधीच गोठत होता. मामाने कारण सगळीकडे शोधलं, स्वतःला सोडून.

काल ते नित्याने आयतं पुरवलं. "मामा, अक्का बाटली उघडीच टाकते. मी पाहिलंय!"

तिने पाहिलं होतं फक्त अक्काला बाटली धुताना. बाकीचं पदरचं, हुशार दिसायला! आणि मामाने शहानिशा न करता, अंगणात, शेजाऱ्यांदेखत कविताला सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नकोस." रसायनशास्त्र शिकलेली, मामाची मदतनीस कविता आपल्या गावच्या, दारासुरमच्या बसकडे निघून गेली.

"मामाला खरं सांगते," नित्या पुटपुटली.

"सांग की! पण कारणही शोधून नेलंस, तर बोलणी अर्धीच बसतील." विघ्नेशचा हिशेब नेहमी असा सोयीचा असे.

नित्याला तो पटला, आणि पटला म्हणून आणखीच लाज वाटली.

दोघं खिडकीखाली दबा धरून बसली. आत मामाने डिंक ऊन केला. मग हात उंच करून एका काचेच्या भांड्यातला डिंक दुसऱ्यात ओतला. परत दुसऱ्यातला पहिल्यात. लांबलचक धार आणि वर फेस!

"अगं, हा तर कॉफी निववतोय!" विघ्नेशने हसू दाबलं. कुंभकोणमला कॉफी अशीच उंचावरून ओतून निववतात. तिथल्या माणसाच्या हाती ऊन पातळ काहीही द्या, हात आपोआप वर जातो!

नित्या हसली नाही. "शिंपला आपला डिंक पायाखाली झाकून सोडतो. हवा लागली की डिंक लाल पडतो. मामाच सांगत होता ना? मग हा त्यात एवढी हवा का कालवतोय?"

दुपारी मामा पुन्हा कामाला लागला, तर दुसरं भांडं जागेवर नाही!

"कुठे गेलं रे?"

"घासायला टाकलंय!" विघ्नेश साळसूदपणे म्हणाला. "डिंक बाटलीत भर नि झाकण लावून पाण्याच्या बादलीत बुडव ना. निवेल आपोआप."

कुरकुरत मामाने तसं केलं. मग पाण्याखाली दोन फरशांच्या तुकड्यांमध्ये डिंक भरून दाबून धरला. थोड्या वेळाने ओढून पाहिलं. हलेना! विघ्नेश लोंबकळला, तरी सुटेना!

"चिकटला! पण कसा?"

नित्याने ओतण्याचं आणि हवेचं सांगितलं. मामाने कपाळावर हात मारला. "माझाच हात! शाबास गं माझ्या गुप्तहेरा!"

"शाबासकी नको." नित्या मागे सरली. "अक्काने बाटली उघडी टाकलेली मी पाहिलीच नव्हती. खोटं बोलले मी."

मामाचं हसू मावळलं. "आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही... थांब, फोन करतो."

"फोन? हाकललंस मात्र सगळ्यांसमोर!" विघ्नेश म्हणाला.

तिघं बसने दारासुरमला गेली. कविताच्या घरात रेशमाचा माग खटखटत होता. मागावर तिची आई, दारात कविता. ती 'या' म्हणाली नाही. आसपासच्या ओट्यांवरच्या बायका वळून बघू लागल्या.

नित्या तमिळमध्ये मोठ्याने म्हणाली, "अक्का, मी खोटं सांगितलं. तुझी काहीच चूक नव्हती!"

माग थांबला.

"पोर लहान आहे, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं खरं बोलली," आई म्हणाली. "गुणाची आहे!"

नित्याची मान खाली गेली.

"आणि तिच्यामागे लपलेलं हे कोण?" आईने विचारलं.

मामा पुढे आला. "कविता, चूक माझीच..." तो पुटपुटला.

"मोठ्याने, सर!" कविता म्हणाली.