राहिलेला काना

मी लिफ्टचं बटण दाबतेय, दाबतेय, आणि लिफ्ट काही येत नाही.

"एकदा दाबलं तरी येते ती," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. उंच, किंचित वाकून उभा, हातात ओली छत्री, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की याला जगात कुठे पोचायचंच नसावं. अशी माणसं पाहिली की माझी चिडचिड होते.

"मला उशीर होतोय," मी फटकारलं.

"कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर. फिजिओथेरपीला."

"मग नाही होत," तो शांतपणे म्हणाला. "डॉक्टर अजून खालीच उभे आहेत."

झाली का पंचाईत! तीन मजले मी लिफ्टच्या पंख्याकडे बघत काढले. तो मात्र हसू दाबत होता, ते आरशात दिसलं मला.

मी एका वृत्तवाहिनीत काम करते. बातम्या चालू असताना, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याखाली अक्षरं पळतात ना, ती टाइप करणारी मी. बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द पडायचा अवकाश, माझा काना-मात्रेसकट तयार! ऑफिसात मला 'वादळ' म्हणतात. आई म्हणते, "जन्मलीस तीसुद्धा तारखेच्या आधी." आणि आता या वादळाचं उजवं मनगट साधा कप उचलतानाही कळवळायला लागलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, की डॉक्टरांचं 'हात बरा आहे' हे प्रमाणपत्र पुढच्या महिनाअखेरीपर्यंत आणलं नाही, तर माझी खुर्ची दुसऱ्याला जाईल. आणि त्या खुर्चीवर माझा फार जीव होता.

तपासायच्या खोलीत त्यानं माझं मनगट दोन बोटांनी अलगद दाबलं. "दुखतंय?"

"नाही."

"मग डोळे का मिटलेत?"

"...सवय आहे."

"बरं. जेवायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"हा मनगटाचा प्रश्न आहे?"

"हा तुमचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "मनगट बिचारं तुमच्या मागे फरपटतंय."

मी मनातल्या मनात त्याचं नाव 'कासव' ठेवून टाकलं.

घरी येऊन त्याची चिठ्ठी वाचली. शेक, व्यायाम, आणि सगळ्यात खाली, 'रोज सकाळी पेन्सिलीने एक पान – अभार लेखन.' माझ्यातली शुद्धलेखनवाली ताडकन जागी झाली. एवढा शिकलेला माणूस, आणि आभारमधला काना खाल्ला! मी तो काना घातला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी आभार लिहायला बसले.

आता कुणाचे लिहायचे? देवाशी माझं भांडण नव्हतं, फक्त वेळ नव्हता. घरातून निघताना 'येते रे' म्हणायचे त्याला, आणि त्यानं काही उत्तर दिलंच तर ते ऐकायला मी एव्हाना जिन्यात. तर त्यालाच लिहायला लागले. गरम पाणी वेळेवर आलं, आभार. आई फोनवर भरपूर रागावली, म्हणजे तब्येत झकास आहे, आभार. पेन्सिल धरून भराभर लिहिता येतच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागायचं. आणि थांबलं, की आणखी काहीतरी आठवायचं. किती काय काय मिळालं होतं मला, आणि मी ते घेऊन नुसती पळत होते! एका सकाळी तर लिहिता लिहिता डोळेच भरून आले. उगाच. छान वाटलं.

काही आठवड्यांनी कासवानं मला ती पानं आणायला सांगितली. वाचली मात्र नाहीत. कागद उलटा केला आणि पाठीवरून हळूच बोट फिरवत राहिला, पेन्सिलीचे वळ उठलेत का बघत. मी पानांकडे बघायचं सोडून त्या बोटाकडेच बघत बसले.

"जोर कमी झालाय," तो खुशीत म्हणाला. "काय लिहिता एवढं?"

"आभार. तुम्हीच सांगितलंत ना? तुमचा काना राहिला होता, मी घातला."

तो बघतच राहिला. मग जो हसत सुटला...! बाहेरच्या खोलीतल्या मावशी पेशंटांची नावं लिहायचं सोडून डोकावून गेल्या.

"अहो बाई, अभार! भार न देता! पेन्सिल दाबायची नाही, एवढंच म्हणायचं होतं मला!"

मी लाजेनं लाल. "मग तसं नीट लिहायचं ना! अभार काय, अभार! कुणी म्हणतं का असं?"

"मी म्हणतो..." डोळे पुसत तो म्हणाला. मग एकदम गंभीर झाला. "पण बदलू नका हं. कुणाला लिहिता?"

"देवाला. तुमचा आहे विश्वास?"

"आहे. पण मी रोज नुसता मागत बसतो. तुमचंच बरं चाललंय."

त्या दिवसापासून माझ्या पानावर तो यायला लागला. त्याचं हसणं, आभार. 'सावकाश' म्हणताना लांबणारा त्याचा 'का', आभार.

आणि इकडे मनगट बरं झालं. अगदी ठणठणीत. आता प्रमाणपत्र मिळणार, खुर्ची मिळणार, आणि या खोलीत यायचं कारणच संपणार.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"हो..." मी म्हणाले. "थोडं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. या मग पुढच्या आठवड्यात."

किती आनंदात घरी आले मी! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल हातात घेतली, तर एक अक्षर उमटेना. हात बरा झाला म्हणून आभार लिहावेत, तर काल 'दुखतंय' म्हणून आलेय. न लिहावेत, तर ज्या देवानं बरा केला त्याच्यासमोर बसून लपवाछपवी. जगात कुणालाही थाप मारता येईल, पण या पानावर नाही. मी तशीच उठले.

लिफ्टसाठी थांबलेच नाही. धापा टाकत वर पोचले, तेव्हा तो नुकताच खुर्चीत टेकत होता.

"माझा हात दुखत नाही. काल खोटं बोलले. प्रमाणपत्र द्या."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं कागद पुढे ओढला. खाली मान घालून प्रमाणपत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि माझ्या हातात दिलं. मग पेनाचं टोपण लावत बसला. एरवी मी तेवढ्यात तीन प्रश्न विचारले असते. पण त्या सकाळी मी थांबले.

"मी रोज सकाळी माझ्या पेशंटांसाठी मागतो," अखेर तो बोलला. "एकेकाचा चेहरा आठवून. सगळ्यांचं सुरळीत होतं, आणि तुमच्यापाशी आलो की गाडी अडते. 'हात बरा कर' म्हणायला जीभच उचलत नाही. बरा झाला, की तुम्ही जाणार... काल मीही म्हणूनच गप्प बसलो."

मी प्रमाणपत्राची सावकाश घडी घातली.

"आज... मागितलंत?"

"मागितलं." कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "म्हटलं, तिचा हात पूर्ण बरा होऊ दे. आणि तिला जायची घाई नसू दे."

"तिला?" मी कशीबशी म्हणाले. "इतके दिवस तर मी 'तुम्ही' होते."

"देवापुढे कसलं अहो-जाहो..."

प्रमाणपत्र मी पर्समध्ये ठेवलं, पर्स टेबलावर ठेवली, आणि त्याच्यासमोर नीट बसले.

"इथेही नको," मी म्हणाले.