चुकीचे तीन पर्याय

ती एक्स्टेंशन बोर्ड शोधत खाली आली होती. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार लोटलं, तर आत एक माणूस उघड्या फ्रिजशेजारी उभा राहून कॅमेऱ्याशी बोलत होता.

"…आणि असा हा गॅस पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतो. समजलं?" एवढं म्हणून त्याने स्वतःच मान डोलावली आणि पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली.

तिला म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

इतक्या महिन्यांत कॅमेऱ्याने त्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्याने आधी कॅमेऱ्याकडेच पाहिलं, मग दाराकडे.

"तुम्ही कोण?"

"वरच्या मजल्यावर असते. प्रश्न काढायला नेमलंय मला. तुमच्याच कोर्ससाठी."

"परीक्षेचे?"

"परीक्षेआधीचे."

"परीक्षेआधी कशाला?"

"नंतर विचारून काय उपयोग?"

त्याच्या कपाळाला आठी पडली खरी, पण खाली डोळे हसत होते. कपाळाला ते कळायला जरा वेळ लागला.

फ्रिज दुरुस्तीचा हा कोर्स संस्थेने ऑनलाइन केला, तेव्हा प्राचार्यबाईंच्या मते क्रांती झाली होती. विद्यार्थी घरबसल्या शिकत होते; म्हणजे घरी बसत होते एवढं नक्की. मागच्या तुकडीने सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले आणि शेवटच्या प्रात्यक्षिकात निम्म्याहून जास्त जण नापास झाले. एकाने गॅस भरलेली नळी कापली आणि काम फत्ते झाल्यासारखा परीक्षकांकडे पाहून हसला. ही तुकडीही तशीच गेली तर कोर्स बंद होणार होता आणि त्याच्याबरोबर मास्तरही जाणार होता. त्याला सगळे मास्तरच म्हणत, केस काळे असूनही.

तिची पद्धत साधी होती. व्हिडिओ थोडा चालला की थांबायचा आणि एक प्रश्न यायचा. मार्क नाहीत. एक उत्तर बरोबर, तीन चूक. चूक निवडली, की नेमकं कुठे घसरलात ते सांगून तेवढाच भाग पुन्हा दाखवायचा. सगळी मेख त्या तीन चुकीच्या पर्यायांत होती. ते टेबलाशी बसून बनवता येत नाहीत. कुणाचा तरी खराखुरा गैरसमज व्हावा लागतो. फ्रिजच्या बाबतीत तिला दार उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून हे काम तिने स्वतःकडेच घेतलं. रोज दुपारी मास्तरने समजवायचं आणि तिने चुकीचं समजायचं. जगात यासाठी सहसा लग्न करावं लागतं.

"म्हणजे फ्रिज थंडी तयार करतो," ती लिहून घेत म्हणाली.

"थंडी कुणी तयार करत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, इतकंच."

"बाहेर कुठे?"

"मागच्या जाळीला हात लावून बघा."

तिने लावला. जागा अरुंद होती, आणि त्याचा हात आधीच तिथे होता.

"गरम लागतंय?"

"हो."

"मग समजलं?"

"हात गरम आहे एवढं समजलं… बाकीचं पुन्हा सांगा."

पहिले सहा धडे उत्तम गेले. म्हणजे विद्यार्थी भराभर चुकू लागले. पेट्रोलसारखा फ्रिजमधला गॅसही वापरून संपतो, असं निम्म्या तुकडीला वाटत होतं. मास्तर दुखावला.

"मी इतकं स्पष्ट सांगितलं होतं."

"तुम्हाला स्पष्ट होतं."

"तुम्ही नेहमी असंच बोलता?"

"नाही. घरी जास्त बोलते."

त्याने तो भाग नव्याने रेकॉर्ड केला. गॅस त्याच नळ्यांतून गोल गोल फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. पुढच्या खेपेला चुका मूठभर उरल्या. त्या दिवशी तो तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. जिना खोलीच्या दाराशीच होता.

आणि मग नको ते झालं. तिला फ्रिज समजू लागला.

घरी वहिनीच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर साचला होता. "असू दे, तेवढंच जास्त गार राहतं," वहिनी म्हणाली.

"उलट. नळीने रजई पांघरल्यासारखं होतं ते. आतली उष्णता नळीपर्यंत पोचतच नाही. काढून टाक."

वहिनीने कणीक मळता मळता मान वर केली. "कालपर्यंत तुला बर्फाचा ट्रे सापडत नव्हता. कोण शिकवतंय?"

"मास्तर आहेत एक."

"म्हातारे?"

"नाही."

"हं," वहिनी म्हणाली आणि पुन्हा कणकेकडे वळली. त्या एका 'हं'मध्ये पत्रिका, आहेर, सगळं येऊन गेलं.

ती तिथेच उभी राहिली. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण समजलं, म्हणजे खाली जायचं कारण संपलं…

सातव्या धड्यापासून तिने गैरसमज करून घ्यायचं सोडलं आणि बनवायला घेतले. मन कशात लागेना. सकाळभर पेनाचं टोपण लावायची, काढायची. पाणी प्यायला उठायची आणि न पिताच परत यायची. दुपारी खाली गेल्यावर तरी हुरहुर थांबावी, तर हुरहुरच आधी जाऊन खुर्ची अडवून बसलेली.

"म्हणजे कॉम्प्रेसर थंडी साठवून ठेवतो," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"पाण्याच्या टाकीसारखी?"

"हो… तशीच."

"पुन्हा सांगतो," तो म्हणाला आणि अगदी सावकाश सांगू लागला.

परीक्षेला तीन आठवडे असताना सराव चाचणी झाली, आणि सातव्या धड्यापासून पुढचं सगळं कोसळलं. प्राचार्यबाईंनी दोघांना बोलावून घेतलं.

"व्हिडिओतल्या प्रश्नांना सगळ्यांची उत्तरं बरोबर. चाचणीत सगळ्यांची चूक. हे जमवलंत कसं?"

"शिकवण्यात मी कमी पडलो," मास्तर म्हणाला. "दुसरा कुणी मिळत असेल तर बघा."

एवढं बोलून तो बाहेर पडला. तिने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"थांबा. तुमचं काही चुकलेलं नाही. सातव्यापासून मला सगळं… समजत होतं. ते पर्याय मी मनाने रचले. इतके बावळट, की त्यांना कुणी फसणारच नव्हतं. म्हणून सगळे बरोबर आले. त्यांच्या खऱ्या चुका आपल्याला दिसल्याच नाहीत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमचा तो टाकीवाला पर्याय एकानेही निवडला नाही. आधीच्या तुमच्या चुका लोक रांग लावून करत होते. लगेच लक्षात आलं माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बोललो असतो, तर… तुम्ही दुपारी वरच बसला असता."

तिला हसू फुटलं, आणि लगेच विरलंही.

"आणि ती पोरं?"

"तेच. झोप नाही मला. म्हणून तर म्हटलं, दुसरा बघा."

"दुसरा नको," ती म्हणाली. "चला आत."

सगळं ऐकून प्राचार्यबाईंनी चष्मा काढला.

"कारण?"

"वैयक्तिक," ती म्हणाली.

"दोघांचंही?"

"हो."

"एकच?"

"ते अजून तपासलेलं नाही," मास्तर म्हणाला.

"तपासा. आधी धडे."

आता कुणीतरी खरोखर न समजणारं हवं होतं. तिने वहिनीला आणलं. वहिनी रोज दुपारी दोघांच्या बरोबर मधे बसायची. तिचे गैरसमज अस्सल होते, मुबलक होते, आणि ती त्यांवर ठाम होती. "मास्तर, तुमचंच काहीतरी चुकतंय," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. पर्याय बदलले, धडे पुन्हा गेले, आणि विद्यार्थी मनापासून चुकू लागले. मास्तर एकेकाला फोन करून विचारू लागला, "असं का वाटलं तुला?" आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबू लागला. एरवी तो वहिनीच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. पलीकडूनही कुणीतरी बघायचं.

"मी खाली वाकू का?" वहिनीने एकदा विचारलं. "म्हणजे तुम्हाला नीट दिसेल."

परीक्षेत बहुतेक जण पास झाले. काही राहिले; पण कुठे राहिले, ते या वेळी सांगता येत होतं.

निकालानंतर ती खाली आली.

"मला पुढचा कोर्स दिलाय. फरशी बसवण्याचा."

"त्यातलं कळतं काही?"

"काहीच नाही."

"तिकडचे मास्तर कसे आहेत?"

"निवृत्तीला आलेत."

"बरं," तो म्हणाला. त्याचे खांदे जरा सैल झाले. "म्हणजे इथलं काम संपलं तुमचं."

"संपलं."

"काही विचारायचं राहिलं असेल तर…"

"नाही. सगळं समजलंय."

फ्रिजची घरघर थांबली, आणि खोली एकदम मोठी वाटू लागली.

"कॅमेऱ्याशी बोलणं आता जमत नाही मला," तो म्हणाला. "तो ऐकून घेतो. तुम्ही… तुम्ही मला रोज हव्या आहात. दुपारीच असंही नाही."

तिने उत्तराला वेळ घेतला. तो घाई करत नव्हता. थांबायची सवय त्याला नवीनच लागली होती.

"उद्या येते," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"विनाकारण."