बेबी सीटमधली बादली

जेवणं झाली होती आणि स्टुटगार्टच्या आमच्या बाल्कनीत अंधार उतरला होता. माझा पुतण्या रोहन मोबाइलवर तळ्यांची खोली दाखवणारा नकाशा बघत होता. शेजारी त्याची बायको स्वरूपा. गळाची नवी काठी भिंतीला टेकवलेली, तिचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं.

"उद्या बार्श काढतो की नाही बघा, काका," रोहन म्हणाला.

"काढशील. वसंतात बार्श कुणीही काढतो," मी म्हणालो. "थंडीभर हे मासे खोल पाण्यात पडून असतात. एप्रिलमध्ये जो काठ उन्हाने आधी तापतो तिथे उथळ पाण्यात येतात, पडलेल्या झाडांच्या फांद्यांत अंडी घालायला. आमिष त्यांच्यापुढून हळू ओढलं की झालं. बाळंतिणीच्या खोलीत चोरी करायला लागते तेवढीच अक्कल लागते."

स्वरूपाने हसू आवरलं. रोहनने मोबाइल उलटा ठेवला.

"तुम्हाला रुपेशचा किस्सा सांगितला पाहिजे," मी म्हणालो. आणि सांगितला. तो असा.

रुपेश आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनिअर. जगातल्या प्रत्येक गोष्टीला बटण असतं आणि ते आपल्याला सापडलेलं आहे, असं मानणाऱ्यांपैकी. परीक्षा देऊन मासेमारीचा परवाना मिळवला, पाण्याचं तापमान सांगणारं यंत्र घेतलं, मासे दाखवणारं यंत्र घेतलं. बिचाऱ्या माशांकडे काहीच नव्हतं.

त्याची बायको शमिका मालवणची. तिला सातवा महिना होता आणि डोहाळे लागले होते गाभोळीचे. माशाच्या अंड्यांचे. इथल्या दुकानात ती मिळेना. तेव्हा गेल्या वर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, ऑफिसातून परतताना रुपेश तळ्याकडे वळला. काम साधं होतं. एक मादी आणायची.

अडचण एकच. त्याच्या आईने पुण्याहून बजावलं होतं, "शमिका दोन जिवांची आहे. या दिवसांत तुझ्या हातून जीव जाता कामा नये. केससुद्धा कापायचे नाहीत." म्हणून यानं केस वाढवले होते. ऑफिसात सांगायचा, फॅशन आहे. इथला कायदा याच्या उलट. धरलेला मासा तिथेच डोक्यात दांडका घालून मारायचा, जिवंत हलवायचा नाही. आता आईचं ऐकायचं की कायद्याचं? रुपेशने दोघांनाही फसवलं. मासा बादलीतून जिवंत आणायचा आणि वरच्या मजल्यावरच्या हृषिकेशने मारायचा. हृषिकेश अविवाहित. "तू पकड रे, पाप मला लाव," असं तो हसत म्हणायचा. एवढी शिकलेली दोन माणसं.

"पण काका, लॉजिकली बरोबर आहे," रोहन म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तोही हेच म्हणाला होता."

सूर्य द्राक्षमळ्यांमागे गेला तेव्हा मादी लागली. हातभर लांब, पोट टणक. गळ ओठातून निघाला. रुपेशने फोटो काढला, तिला बादलीत सोडलं आणि गाडीपाशी आला. वळणांवर पाणी सांडेल. मागे बेबी सीट आधीच बसवलेली होती. त्याने सीटचे पट्टे होतील तेवढे सैल केले, बादली सीटमध्ये ठेवली, पट्टे भोवती घेऊन बकल लावलं. मला हे सांगताना तो म्हणाला, "काका, अगदी फिट बसली." त्याला त्यात कौतुक वाटलं होतं. पोटुशी मासोळी, येणाऱ्या बाळाच्या जागेवर बांधलेली, आणि याला कौतुक.

मी चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. भुतं नसतात. निदान माझ्याकडे पुरावा नाही. पण पुरावा नसण्याचा अर्थ काय, हे मला हल्ली पूर्वीसारखं ठामपणे सांगता येत नाही.

रस्ता रिकामा होता. मागून पाण्याचा आवाज येत होता. डुचमळ, मध्येच शेपटीचा फटका. मळ्यांखालच्या वळणावर तो आवाज थांबला.

पाणी हलायचंही थांबलं. गाडी वळत होती, तरी.

तेवढ्यात शमिकाचा फोन आला. त्याने स्पीकरवर घेतला.

"मिळाली," तो म्हणाला. "निघालोय."

"रुपेश, गाडीत कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"मग रडतंय कोण?"

त्याने कान दिला. इंजिन. टायर. बाकी काही नाही.

"कुणी रडत नाहीये, शमू."

"मला ऐकू येतंय... तान्हं आहे. अगदी फोनजवळ."

त्याने फोनचा आवाज वाढवला.

"थांबलं आता," ती म्हणाली. मग, "रुपेश... पोटात हालचाल नाहीये. संध्याकाळपासून."

बाल्कनीत स्वरूपाने शाल ओढून घेतली.

शहाणा माणूस काय करेल? घर गाठेल. रुपेशने हृषिकेशला फोन केला, शमिकाला दवाखान्यात न्यायला सांगितलं. आणि गाडी वळवली. तळ्याकडे. मला त्या क्षणाची घृणा वाटते. बायको स्ट्रेचरवर, आणि हा यंत्रांचा पुजारी एक मासा परत करायला निघाला. मी असतो तर काय केलं असतं, हे मला विचारू नका. मला वाटतं, तेच. म्हणून तर घृणा.

तळ्यावर काळोख होता. त्याने मागचं दार उघडलं. बकल काढलं. बादली उचलली. मागे बघितलं नाही. पडलेल्या झाडापाशी पाण्यात गुडघाभर शिरला आणि बादली कलती केली.

मादी बाहेर आली. आडवी झाली. पोट वर.

तो उभा राहिला.

पाणी इतकं थंड की पाय कळेनात.

त्याने तिला हाताखाली धरलं. सरळ केलं. पुढे... मागे... पुढे... कल्ले मिटलेले. तो तिच्याशी बोलत होता म्हणे. काय बोलला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कल्ला उघडला. एकदा. मग पुन्हा.

मग हातात काही नव्हतं.

खिशात फोन वाजला. हृषिकेश होता. "अरे, ठोके सापडले. आत्ताच. डॉक्टर म्हणतायत, पोर लाथा मारतंय. तू आहेस कुठे?"

रुपेश रडत गाडीपाशी आला. दार तसंच उघडं. आत दिवा लागलेला. रिकामी बादली ठेवायला वाकला, आणि...

बेबी सीटचं बकल लावलेलं होतं.

सैल सोडलेले पट्टे कुणीतरी ओढून आखूड केले होते. अगदी आखूड. काठावर दुसरं माणूस नव्हतं.

त्याने हात लावला नाही. नंतरही नाही. सीट तशीच राहिली.

जूनमध्ये मुलगी झाली. ठणठणीत. घरी आणायला मी बरोबर गेलो होतो, कारण रुपेशला गाडीच्या त्या मागच्या दाराशी एकट्याने उभं राहायचं नव्हतं. नर्सने बकल उघडलं, मुलीला सीटमध्ये ठेवलं, बकल लावलं. पट्टा आणि छातीच्या मधे बोट घालून पाहिलं, दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. काहीच जुळवावं लागलं नाही.

"पेर्फेक्ट," ती म्हणाली. "माप कुणी घेतलं होतं?"