एकोणीस नंबरची डिस्क

दार लोटून घ्या आणि जवळ सरका, मला मोठ्यानं बोलवत नाही. मघापासून भुताची गोष्ट म्हणून माझा जीव खाताय ना? मग ऐका. पण ही माझ्या ओळखीच्या फोटोवाल्याची आहे. माणूस धडधाकट आहे, अजून काम करतो. हसू नकोस, धाकटे. तोही आधी असाच हसायचा.

त्याचा स्टुडिओ घराच्या खालच्या खोलीत, राहायला वर, मधे लाकडी जिना. एकटा जीव. लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं, काय काय टिपायचा आणि हार्ड डिस्कवर भरून ठेवायचा. साबणाच्या वडीहून जराशा मोठ्या डिस्का, प्रत्येकीवर नंबर चिकटवलेला, कपाट गच्च. कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर हे शोधण्यात अर्धा दिवस जायचा, म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर कॅटलॉगचं सॉफ्टवेअर घातलं. डिस्क एकदा जोडायची. ते आतल्या सगळ्या फायलींची नावं आणि नखाएवढी चित्रं टिपून घेतं. मग डिस्क काढून कपाटात टाकली तरी चालतं. नाव टाइप केलं की ते सांगतं, तुझी फाईल अमुक नंबरवर आहे, जा, आण. म्हणजे वस्तू कपाटात आणि तिची आठवण कॉम्प्युटरात. एवढं कळलं की झालं, पुढचं मलाही कळत नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. शनिवारची रात्र, बाहेर धुकं. संध्याकाळच्या गाडीनं त्याची धाकटी बहीण आली होती. तिचा मुलगा... पाच वर्षांचा होता. वर्ष झालं होतं त्याला जाऊन.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दादा, एक काम होतं."

"बोल की. परक्यासारखी काय विचारतेस?"

"मला त्याचा आवाज आठवेना रे. चेहरा आठवतो. आवाज गेला. माझ्या फोनमध्ये होतं ते फोनबरोबर पाण्यात गेलं. तू गच्चीवर त्याचं शूटिंग केलं होतंस ना?"

केलं होतं. नवा कॅमेरा आणला होता तेव्हा. पोरगं गच्चीवर उभं राहून एका कबुतराला दम देत होतं, "परत आलास तर बघ!" म्हणून.

"अगं, त्यात काय! आत्ता काढतो," म्हणत फोटोवाला खाली गेला. कॅटलॉग उघडला, 'गच्ची' टाइप केलं. क्षणात आलं. भाच्याचं चित्र, एक बोट वर केलेलं. डिस्क एकोणीस.

आनंदाच्या भरात तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, "सापडलं गं!"

तिथं चुकला तो. उघडून बघायच्या आधी बोलला.

कपाटातून एकोणीस नंबर काढला, जोडला. आत कुणाचंतरी लग्न. दुसरं काही नाही. आणि मग त्याला आठवलं. मागच्या सीझनला एका दिवशी डिस्क कमी पडली होती. घाईत त्यानं एकोणीस पुसली, वर लग्न भरलं, आणि कॅटलॉगला ते कळवायचं राहून गेलं. कॅटलॉग बिचारा जुनंच सांगत बसला होता.

मागे बहीण उभी. तोंड धुऊन, केस नीट करून आली होती. कुणाला भेटायला निघावं तशी.

"वायर खराब झालीय," तो म्हणाला. "सकाळी दुकान उघडलं की नवी आणतो."

"बरं," ती म्हणाली. "आहे ना, मग झालं. एक रात्र काढेन." आणि वर गेली.

मग तो एकटा. पुसलेलं परत आणायचं जे काही येत होतं ते सगळं करून पाहिलं. त्यावर लग्न भरलेलं. काही उरलं नव्हतं. मोठा माणूस, पण टेबलावर डोकं टेकून रडला. आवाज न करता. वर ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटी त्यानं कॅटलॉग ताजा करायला घेतला. सॉफ्टवेअरनं विचारलं, या फायली डिस्कवर नाहीत, यादीतून काढू का?

बोट पुढे झालं... आणि थांबलं. 'नाही' दाबून त्यानं डिस्क काढली. हातात धरून बसला.

तेवढ्यात एकोणीस नंबरखाली एक फाईल वाढली.

डिस्क हातात. वायर खाली लोंबतेय. आणि फाईल वाढली. चित्र अंधारलेलं होतं. त्यानं मोठं करून पाहिलं. खोली होती. हीच. टेबल, खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोरा माणूस. कुणीतरी खालून काढलेलं. कमरेएवढ्या उंचीवरून.

त्यानं मागे पाहिलं.

कुणी नाही.

फाईल उघडायला गेला. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क एकोणीस जोडा. जोडली. लग्न. काढली... अजून एक फाईल. आता पाठ जवळ आली होती. शर्टाची शिवण दिसत होती.

"बाळा..." तो म्हणाला.

काही नाही.

मग अजून एक. खोली नव्हती त्यात. जिना होता. खालून वर दिसणारा.

मग वरचं दार.

मग... बहीण. अंथरुणावर. अगदी जवळून.

तो धावला. पायऱ्या कशा चढला त्याला ठाऊक नाही. दार उघडं. बहीण उठून बसलेली. हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

"मिळाली ना वायर? बंद का केलंस रे? किती स्पष्ट ऐकू येत होता."

त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"दादा, एक विचारू? त्यात तो म्हणतोय, मामा का रडतोय? त्या दिवशी गच्चीवर तू रडत होतास?"

...

काय सांगणार? खरं सांगावं तर ती हसायची थांबणार. खोटं बोलावं तर ती सकाळी पुन्हा ऐकव म्हणणार. तो नुसता तिच्या पायाशी बसून राहिला. उजाडेपर्यंत.

सकाळी ती म्हणाली, "ती डिस्कच दे मला." तिच्या घरी कॉम्प्युटर नाही. त्यानं दिली. नाही कसं म्हणणार? खाली येऊन पाहिलं तर कॅटलॉगमधून एकोणीस नंबर गेलेला. अठरानंतर वीस. त्यानं काही दाबलं नव्हतं.

काय रे? त्यात भूत कुठंय? मी कुठं म्हणतोय आहे म्हणून.

परवा मी तिच्या घरी गेलो होतो. डिस्क तिच्या उशाशी असते, रुमालात. म्हणाली, "काका, धरून बघा." मी धरली. वायर नाही, काही नाही. वर्षभर कशाला जोडलेली नाही.

गरम होती. नुकतंच कुणीतरी मांडीवरून उठावं, तशी.