आखाडातल्या भेटी

धनुर्वाताच्या इंजेक्शनची सुई नुसती दिसली, आणि सहा फुटी गडी बाकावर आडवा झाला. प्रांजल आधी खुदकन हसली आणि मग पाणी आणायला धावली. मिरजेच्या त्या दवाखान्यात नर्स म्हणून तिनं बेशुद्ध पडणारे खूप पाहिले होते, पण सुई टोचायच्या आधीच गार पडणारा हा पहिलाच.

"आवं सिस्टर, भ्यालो न्हाई मी," तो डोळे मिटूनच पुटपुटला. "सकाळधरनं पोटात काय न्हाई."

"हो का? मग घ्या, नाश्ता टोचते. हात सैल सोडा."

"सांगून टोचा हां... एक-दोन-तीन म्हनून..."

"टोचलंसुद्धा!"

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि असा काही बघत राहिला, की प्रांजलला उगाचच ट्रे आवरावासा वाटला. नाव शिवतेज. पलूसकडचा, साखर कारखान्यात फिटर. पत्र्यानं तळहात कापला होता. बाप आकाराम फौजेतला सुभेदार, थोरला भाऊ सीमेवर, आणि हा मात्र भरतीत दोनदा धावण्यात बाद झालेला. घरात त्याच्याकडं बघून कुणी काही म्हणायचं नाही, पण न म्हणणंच जास्त टोचतं हो!

पट्टी बदलायला तो येत राहिला. जखम भरली तरी येत राहिला. तेवढ्यात त्याला कळलं, की सिस्टरला आयर्लंडमध्ये नोकरी लागलीय, पण वडील अडून बसलेत. प्रांजलचं घर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. वडील कृष्णात मेंढरं राखणारे, शब्दाचे पक्के. त्यांचं एकच पालुपद: एकटी पोरगी परमुलखात जायची नाही, नवरा कर, मग विमानात बस.

"मग करा की," शिवतेज म्हणाला.

"काय?"

"नवरा. मंजे... मला." कान लाल झाले बिचाऱ्याचे. "आवं, नुसता कागदावरचा! तुमाला जायाला मिळंल. नर्सच्या नवऱ्याला तिकडं व्हिसा मिळतोय म्हनं. मला बी एकदा हितनं भाईर पडून दावायचंय. तिकडं गेलो, की तुमी तुमच्या वाटंनं, मी माज्या."

असलं कुणी बोललं तर कानाखाली आवाज काढावा. पण प्रांजलनं काढला नाही. आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाली. वेडीच म्हणायची की! पण खरं सांगायचं तर तिला तो हसवायचा, आणि मिरजेच्या वॉर्डात हसवणारी माणसं फार नव्हती.

शिवतेजच्या मामानं, धनाजीनं, रीतसर स्थळ नेलं. पत्रिका जुळली, पाहुणे जुळले, वैशाखात अक्षता पडल्या. फसवाफसवीचं हे लग्न दोन्ही घरांनी जीव लावून केलं, आणि सासूबाईंनी, लीलाबाईंनी, सुनेच्या हातात स्वतःच्या पाटल्या घातल्या तेव्हा प्रांजलला मान वर करवेना.

मग सुरू झाला अभ्यास. व्हिसाचं काम बघणाऱ्या माणसानं बजावलं होतं, की कचेरीतून कधीही फोन येईल, दोघांना वेगवेगळं विचारतील, आणि उत्तरं जुळली नाहीत तर खेळ खलास. जेवणं झाली की दोघं गच्चीवर.

"माझा आवडता रंग?"

"मोरपिशी. माजी आवडती भाजी?"

"शेवग्याची आमटी. आणि ती भाजी नाही, आमटी आहे."

"तू कुटल्या कुशीवर झोपतीस?"

"...तुम्हाला काय करायचंय?"

"मला न्हाई गं, सायबाला!"

ती खळखळून हसायची. खोलीत मात्र तो खाली सतरंजीवर, ती पलंगावर. मध्ये कराराची भिंत. पण परीक्षेचं पाठांतर करता करता माणूसच पाठ होतं की! तो हसायच्या आधी नाक चोळतो, बापासमोर बोलताना त्याचा आवाज बारीक होतो, हे तिला कुणी विचारणार नव्हतं. तरी ते तिच्या ध्यानात राहिलं.

आणि आखाड लागला.

आपल्याकडं पहिल्या आखाडात नवी सून सासरी राहत नाही. माहेरी जायचं, महिनाभर नवराबायकोनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर घरातल्या कर्त्या माणसाला बाधतं म्हणतात. आकाराम सुभेदारांचं त्याच उन्हाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. लीलाबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "पोरांनो, माजा इश्वास हाय ह्येच्यावर. एवढं माजं पाळा." दोघांनी माना डोलावल्या.

पहिल्याच रविवारी माणच्या पाझर तलावापाशी प्रांजल शेरडांना पाणी पाजत होती, तर समोर मोटारसायकल! अंगावर धूळ, शर्ट भिजून पाठीला चिकटलेला. वाटेत भुरभुर लागली होती त्याला; माणमध्ये थेंब नव्हता.

"तुम्ही? अहो, आखाड आहे!"

"ठावं हाय." त्यानं नाक चोळलं. "पाठांतर राहिलंय."

"कुठलं?"

तो तलावाकडं बघत म्हणाला, "घरात लय सुनं वाटाय लागलं... गच्चीवर गेलो, तर प्रश्न कुनाला इचारायचा?"

 बांधावर दोघं बसली. त्या दिवशी कुणी कुणाला आवडता रंग विचारला नाही. उठताना त्यानं हात पुढं केला, तिनं धरला, आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही. बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीत करार वाहून गेला.

तो दर रविवारी आला. कारखान्यात मशिनरीची कामं निघालीत, असं घरी सांगून विटा-मायणी करत यायचा. शेवटच्या रविवारी जाताना म्हणाला, "तिकडं गेल्यावर... तुमची वाट, माजी वाट म्हणालो हुतो न्हवं?"

"हो."

"एकच केली तर?"

 प्रांजलनं नुसती त्याच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावली. तो काय ते समजला आणि शिट्टी वाजवतच गेला. तिला वाटलं, तिकडं पोचल्यावर सांगू, विमानातून उतरल्यावर. असं राखून ठेवू नये हो. पण नव्या नवरीला कोण सांगणार?

श्रावणात ती सासरी परतली. एका दुपारी ती पुरणपोळ्या लाटत होती, शेजारी लीलाबाई घेवडा निवडत बसल्या होत्या, आणि फोन वाजला. हात कणकेनं भरलेले. तिनं कोपरानं फोनचा स्पीकर सुरू केला. व्हिसा कचेरीतली बाई होती, मुंबईची, मराठीच. प्रश्न सुरू झाले. नवरा चहात साखर किती घेतो, दंडावर खूण कसली आहे, लग्नात कुणी कुणाला काय दिलं. प्रांजल धडाधडा बोलत गेली. लीलाबाई कौतुकानं मान हलवत होत्या.

"गेल्या महिन्यात तुम्ही सासरी नव्हता?"

"नाही. पहिला आखाड होता, माहेरी होते."

"त्या काळात पती तुम्हाला भेटायला आले होते का?"

घेवड्याची शेंग लीलाबाईंच्या हातात तशीच राहिली. त्या सुनेकडं बघत होत्या. पलीकडं ओसरीवर सुभेदार खोकत होते. प्रांजलच्या तोंडात 'हो' आलं होतं. अगदी ओठांवर! पण त्या माउलीच्या तोंडावर, तिनं महिनाभर जपलेलं व्रत आपण मोडलं म्हणून कसं सांगायचं?

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"नक्की?"

"नक्की. आमच्यात भेटत नाहीत."

फोन बंद झाला. लीलाबाईंनी शेंग मोडली. प्रांजल तशाच हातांनी परसात पळाली आणि शिवतेजला फोन लावला.

"अगं, मगाशीच मला आला हुता!" तो नुसता उधळला होता. "आखाडाचं इचारलं बग. म्या सांगून टाकलं, दर ऐतवारी गेलो हुतो, बांधावर बसलो हुतो, समदं! बाई हसली बी. लय हलकं वाटलं गड्या... खरं बोलाय मिळालं. ...प्रांजल? ऐकतीस न्हवं?"

पाठ केलेलं सगळं जुळलं. जे खरं होतं, तेवढंच जुळलं नाही.

शिवतेजच्या व्हिसाला नकार आला. लग्न खरं वाटत नाही, खोटी माहिती दिली. काही वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. प्रांजलचा स्वतःचा व्हिसा मात्र शाबूत होता. कृष्णातरावांनीही मन मोठं केलं: आता तू एकटी न्हाईस, तुला घर हाय, जा.

शिवतेज एका शब्दानं बोलला नाही. एकदा रागावला असता, भांडला असता तर बरं झालं असतं! तिनं रडत सगळं सांगितलं, तर म्हणाला, "आईसमोर म्या बी तेच बोललो असतो." आणि स्वतः बाजारात जाऊन तिच्यासाठी जाड लोकर असलेला कोट घेऊन आला.

निघायच्या सकाळी प्रांजलनं लीलाबाईंचे पाय धरले. "आई, मी खोटं बोलले. ते यायचे. दर रविवारी."

"मला ठावं हुतं की," लीलाबाई म्हणाल्या. "ऐतवारी सांजच्याला पोरगं गात गात घरात यायचं. कारखान्यातनं कोन गात येतंय व्हय? मी मुकाट देवाला हात जोडायची आन् म्हनायची, पोरं हायत, संबाळून घे." त्यांना हुंदका फुटला. "हो म्हणली असतीस, तर मी उठून आत गेले असते गं. बाकी काय केलं असतं मी?"

साताऱ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. शिवतेजनं बॅग वर ठेवली, खिडकीपाशी आला.

"मी नाही जात," प्रांजल म्हणाली.

"जा. तिकडची मानसं वाट बघत्यात."

"तुम्ही बांधावर विचारलं होतं ना... एकच वाट केली तर? माझं हो होतं. तेव्हाच होतं. तुम्ही मला फार आवडता हो!"

शिवतेजनं नाक चोळलं. हसू आलंच नाही. "आता सांगतीस व्हय," तो म्हणाला, आणि त्या सहा फुटी गड्यानं भर स्टँडवर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

गाडी हलली. तो थोडं चालला, मग पळाला, फाटकापर्यंत पळाला, आणि मागं राहिला.

शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नवरा व्हय गं?"

"हो. नवरा."

"चांगला दिसतोय की. मग तुज्यासंगं का न्हाई आला?"

"माझ्यामुळं," प्रांजल म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून रडायला लागली.